दोष कोणाचा? दायित्व कोणाचे?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग. पन्नास वर्षांत जे घडले त्याचा अभिमान बाळगावा आणि जे राहून गेले त्याचा विचार करावा, असे दुहेरी कर्तव्य अशा वेळी पार पाडावे लागते. पहिले कर्तव्य आपण आनंदाने पार पाडतो. दुसऱ्याची वेळ आली की आपले बोट नकळत दुसऱ्याकडे वळते. ते का वळते, आणि त्याला स्वतःकडे कसे वळवावे, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

मराठी भाषेने या स्वभावाची नोंद फार पूर्वीच घेतली आहे. नाचता येईना अंगण वाकडे. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचे ते कार्टे. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही. चोराच्या उलट्या बोंबा. एका प्रवृत्तीसाठी इतक्या म्हणी घडल्या, यावरून ती किती जुनी आणि किती सार्वत्रिक आहे हे ध्यानात यावे. आजच्या पिढीचे अधःपतन झाले म्हणून हे घडते, असे म्हणणे हासुद्धा खापर फोडण्याचाच एक प्रकार ठरेल.

आपल्या नित्याच्या व्यवहारात पाहा. मुलाला गुण कमी पडले की पालक शिक्षकांना बोल लावतात. शिक्षक म्हणतात, पालक घरी लक्ष देत नाहीत. दुकानातील गिऱ्हाईक कमी झाले की आधी मोठ्या मॉलकडे बोट दाखवले जात असे, आता ते घरबसल्या होणाऱ्या खरेदीकडे दाखवले जाते. भावाभावांत वाटणी झाली की खापर फुटते ते नव्याने घरात आलेल्या सुनेवर. वीस वर्षे दोन्ही भावांनी आपसातला हिशेब कधी मोकळेपणाने बोलून दाखवला नव्हता, ही गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही.

असे का होते, याची तीन कारणे मला दिसतात.

पहिले कारण आपल्या पाहण्याच्या रीतीत आहे. आपण स्वतः चुकतो तेव्हा आपल्याला आपली परिस्थिती पूर्ण दिसत असते. रात्री झोप झाली नव्हती, घरात आजारपण होते, वेळ कमी होता. दुसरा चुकतो तेव्हा आपल्याला त्याची फक्त कृती दिसते. मग आपली चूक परिस्थितीमुळे होते आणि त्याची चूक स्वभावामुळे, असा निष्कर्ष आपोआप निघतो. रस्त्यावर कोणी आपल्या गाडीला घासून पुढे गेला तर तो उद्धट. आपण तसेच पुढे गेलो तर रुग्णालयात पोहोचण्याची घाई असते. अमेरिकेतील एडवर्ड जोन्स आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली हा भेद मांडला. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावातच शोधण्याच्या प्रवृत्तीला ली रॉस यांनी १९७७ साली कारणमीमांसेतील मूलभूत चूक असे नाव दिले.

या संदर्भात १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी केलेला एक अभ्यास मोठा बोधप्रद आहे. त्यांनी पती आणि पत्नी यांना वेगवेगळे विचारले, की घरातील अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक वेळा शंभर टक्क्यांच्या वर गेली. यात नवल नाही, असे आपण म्हणू. प्रत्येकाला मोठेपणा हवा असतो. परंतु भांडण उकरून काढण्यासारख्या अप्रिय गोष्टींबाबतही, थोड्या कमी प्रमाणात का होईना, हेच आढळले. याचा अर्थ असा, की केवळ अहंकार हे यामागचे कारण नाही. आपण केलेले आपल्याला आठवते. दुसऱ्याने केलेले आपण पाहिलेलेच नसते. पहाटे उठून दूध तापवणाऱ्या गृहिणीचे श्रम झोपलेल्याला दिसत नाहीत, आणि बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या पतीचे श्रम घरी असलेल्या पत्नीला दिसत नाहीत. व्यापारी माणसाच्या भाषेत सांगायचे तर आपली वही एकाच बाजूने लिहिलेली असते, आणि तिच्यावरून आपण ताळेबंद काढतो.

दुसरे कारण भीती. घरात काचेचे भांडे फुटले की आपला पहिला प्रश्न असतो, "कोणी फोडले?" कोणाला लागले का, काच वेचली का, हे प्रश्न नंतर येतात. तीन-चार वर्षांचे मूल त्या पहिल्या प्रश्नातून एक धडा शिकते, की खरे सांगणाऱ्याला मार बसतो आणि भावाकडे बोट दाखवणारा सुटतो. हाच धडा घेऊन ते मूल शाळेत जाते, कचेरीत जाते, आणि पुढे एखाद्या संस्थेचे पदाधिकारीही होते. ज्या संस्थेत चूक सांगणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला बढती मिळते, तेथे प्रामाणिक माणूससुद्धा हळूहळू बोट दाखवायला शिकतो. तेव्हा दुसऱ्याला दोष देणाऱ्यांना दोष देण्यापूर्वी, त्यांना तसे करण्यास आपण शिकवले नाही ना, हेही पाहावे लागेल.

तिसरे कारण म्हणजे मान. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांपैकी क्रोध आणि लोभ चटकन ओळखू येतात. मान ओळखू येत नाही, कारण तो बहुधा न्यायबुद्धीचे वस्त्र पांघरून येतो. "मी सज्जन आहे, मी दक्ष आहे" अशी स्वतःची एक प्रतिमा आपण मनात जपलेली असते. चूक मान्य केली तर त्या प्रतिमेला तडा जातो. म्हणून दोषी शोधण्याची आपल्याला घाई होते. दोषी सापडला की मनाला एक हलकेपणा येतो, आणि काम संपल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते काम सुरूही झालेले नसते.

यात भर पडते ती समुदायाची. काम अनेकांचे असले की ते कोणाचेच राहत नाही. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लटाने यांनी केलेल्या एका प्रयोगात, संभाषण चालू असताना एका व्यक्तीला झटका आल्याचा आवाज ऐकवण्यात आला. तो आवाज आपल्या एकट्यालाच ऐकू येत आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के लोक झटका संपण्याआधीच मदतीसाठी उठले. आणखी चार जण ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ३१ टक्केच उठले. न उठलेले निर्दय होते असे नाही. त्यांच्यापैकी कित्येक जण अस्वस्थ झाले होते. कोणी तरी उठेल, असे त्यांना वाटत राहिले. आपल्या सभांच्या इतिवृत्तांत "याबाबत योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले" असे वाक्य वारंवार येते. कार्यवाही कोणी करायची आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यात लिहिलेले नसते. पुढच्या सभेत तो विषय पुन्हा येतो, आणि मग प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो.

दोष देण्याची किंमत काय पडते? जो दोष देतो त्याच्या हातातील सत्ता जाते, हे पहिले नुकसान. "माझे नुकसान पूर्णपणे त्याच्यामुळे झाले" असे मी म्हणतो, तेव्हा ते भरून काढणेही पूर्णपणे त्याच्याच हातात आहे, हे मी मान्य करत असतो. तो बदलेपर्यंत मला काही करता येत नाही. दुसरे नुकसान शिकण्याचे. दोषी ठरलेला माणूस काढून टाकला जातो आणि चूक ज्या कारणाने घडली ते कारण जागच्या जागी राहते. नवा माणूस येतो आणि तीच चूक करतो. तिसरे नुकसान नात्यांचे. पैशाचे नुकसान पुढच्या हंगामात भरून निघते. चारचौघांत केलेला आरोप मात्र दोन घरांच्या तीन पिढ्या विसरत नाहीत.

येथे एक शंका आपल्या मनात येईल, आणि ती रास्त आहे. दोष खरोखरच दुसऱ्याचा असला तर? भागीदाराने फसवले, ठेकेदाराने हलका माल वापरला, अधिकाऱ्याने अन्याय केला. तेव्हाही सगळे आपल्याच शिरावर घ्यायचे का?

मुळीच नाही. दोष, कारण आणि दायित्व या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की सगळा विचार बिघडतो. दोष म्हणजे जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने केलेले अनुचित कृत्य. कारण म्हणजे ज्यामुळे घटना घडली ते. त्यात कोणाचा दोष असेलच असे नाही. आणि दायित्व म्हणजे आता जे करणे आवश्यक आहे त्यातील माझा भाग. शेजारच्या घराला लागलेली आग माझ्या दोषाने लागलेली नाही, पण पाण्याची बादली माझ्या घरात आहे. तसेच, ज्याने फसवले त्याच्याविरुद्ध तक्रार करणे, न्यायालयात जाणे, इतरांना सावध करणे, हेदेखील दायित्वच आहे. अन्याय गिळून "माझेच चुकले" म्हणत बसणे याला मी दायित्व म्हणणार नाही. त्याने अन्याय करणाऱ्याचे धैर्य वाढते, आणि त्याची झळ पुढे दुसऱ्या कोणाला तरी लागते.

याच ठिकाणी एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. जैन दर्शनात जीव हा स्वतःच्या कर्माचा कर्ता आणि भोक्ता मानला आहे. फळ वाटणारा वेगळा ईश्वर त्यात नाही. दोष दुसऱ्यावर ढकलण्याचा सर्वांत मोठा मार्गच या विचाराने बंद केला. परंतु हाच विचार आपण पुष्कळदा उलटा वापरतो. ज्या मातेचे मूल अपघातात गेले तिला, किंवा जन्मतः अपंग असलेल्या मुलाच्या वडिलांना, "पूर्वजन्मीचे कर्म" असे सांगून आपण मोकळे होतो. कर्मसिद्धांत स्वतःच्या आचरणाकडे पाहण्यासाठी आहे. दुःखी माणसाला तो ऐकवणे म्हणजे त्याच्या दुःखावर आरोपाची भर घालणे, आणि त्याला मदत करण्याच्या आपल्या दायित्वातून पळ काढणे होय. अशा वेळी आपल्या मुखी सिद्धांत नसावा; आपण त्याच्या शेजारी बसावे, रुग्णालयाचे बिल भरावे, दोन वेळचा डबा पोहोचवावा.

स्वतःकडे पाहण्याची पद्धत मात्र या परंपरेने फार बारकाईने घडवली आहे, आणि ती कोणत्याही धर्माच्या माणसाला उपयोगी पडण्याजोगी आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात कृतीच्या जबाबदारीची विभागणी केली आहे. संरंभ म्हणजे मनाशी ठरवणे, समारंभ म्हणजे त्यासाठी साधने जमवणे, आणि आरंभ म्हणजे प्रत्यक्ष करू लागणे, हे तीन टप्पे. ते मनाने, वाणीने आणि शरीराने, असे नऊ. ते स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसरा करत असता त्याला अनुमती दिलेले, असे सत्तावीस. आणि चार कषायांपैकी कोणत्या ना कोणत्या कषायाने प्रेरित, असे एकूण १०८ प्रकार. यातील कृत, कारित आणि अनुमत हे तीन शब्द तर प्रत्येक कचेरीच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत. "मी तर केले नाही" असे म्हणून आपण सुटू पाहतो. हा विचार आपल्याला पुढे विचारतो: तू करवलेस का? आणि होत असताना तू गप्प बसून संमती दिलीस का?

दुसरे उदाहरण अतिचारांचे. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी प्रत्येकाचे पाच अतिचार सांगितले आहेत. अचौर्य व्रताचे पाच पाहा: चोरीला प्रोत्साहन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे निर्बंध मोडून व्यवहार करणे, वजने-मापे कमी-जास्त ठेवणे, आणि अस्सल मालात नकली मिसळणे. "मी चोर नाही" हे म्हणणे सोपे आहे. "माझा तराजू बरोबर आहे का?" या प्रश्नाला तराजू तपासूनच उत्तर द्यावे लागते. प्रतिक्रमणाचे सामर्थ्य येथे आहे. ते "मी पापी आहे" असा मोघम विलाप करायला सांगत नाही. नेमके कोठे पाऊल घसरले ते शोधून तेथून मागे फिरायला सांगते. मोघम पश्चात्तापाने कोणाचेच काही सुधारत नाही. चूक नेमकी सांगितली तरच ती दुरुस्त करता येते.

आता आधुनिक भारतातील काही उदाहरणे पाहू.

१९५६ साली लालबहादूर शास्त्री रेल्वेमंत्री होते. त्या वर्षी महबूबनगरजवळ झालेल्या रेल्वे अपघातात शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. शास्त्रीजींनी राजीनामा देऊ केला. पंतप्रधान नेहरूंनी तो स्वीकारला नाही. नोव्हेंबरमध्ये मद्रास राज्यातील अरियालूर येथे पुराच्या तडाख्याने पूल खचून पुन्हा मोठा अपघात झाला. शास्त्रीजींनी पुन्हा राजीनामा दिला, आणि या वेळी तो स्वीकारला गेला. पूल शास्त्रीजींनी बांधला नव्हता आणि पूर त्यांनी आणला नव्हता. अपघाताला ते दोषी आहेत म्हणून हा राजीनामा स्वीकारत नसून, घटनात्मक औचित्याचा आदर्श म्हणून स्वीकारत आहोत, अशीच नेहरूंची भूमिका होती. दोष नसतानाही दायित्व असू शकते, हे त्या एका कृतीने देशाला शिकवले.

परंतु राजीनाम्याने पूल दुरुस्त होत नाही, हेही खरे. दायित्वाचे दुसरे अंग म्हणजे जागेवर राहून काम पूर्ण करणे. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून एसएलव्ही-३ या भारतीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत गळती झाली आणि अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळला. मोहिमेची धुरा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्याकडे होती. पत्रकारांना सामोरे गेले ते मात्र अंतराळ संशोधन संस्थेचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन. अपयश त्यांनी आपल्या शिरावर घेतले आणि आपल्या सहकाऱ्यांवर विश्वास व्यक्त केला. १८ जुलै १९८० रोजी दुसरे प्रायोगिक उड्डाण यशस्वी होऊन रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला, तेव्हा प्रा. धवन यांनी पत्रकारांसमोर जाण्यास डॉ. कलामांना सांगितले. राष्ट्रपती झाल्यानंतरही डॉ. कलाम ही हकिगत आवर्जून सांगत. त्या मधल्या अकरा महिन्यांत गळतीचे कारण शोधले गेले, दोष दूर केले गेले. दोषी कोण याचाच शोध चालला असता, तर कदाचित प्रत्येक जण आपापली बाजू सावरण्यातच गुंतला असता.

तिसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील एका लहान गावाचे. पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे अवर्षणप्रवण भागातले गाव. पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, दारूने घरे पोखरली आणि लोक कामासाठी बाहेर पडले. दोष द्यायला पाऊस होता, सरकार होते, नशीब होते. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, आणि पुढे ग्रामसभेने आपल्या हातात काय आहे याचा विचार सुरू केला. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आणि नसबंदी अशी पंचसूत्री स्वीकारली गेली. पाणलोटाची कामे झाली. पावसाचे माप घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यानुसार पिके ठरवायची, उसासारख्या तहानलेल्या पिकांना आळा घालायचा, शेतीसाठी कूपनलिका घ्यायच्या नाहीत, असे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. गेलेली कुटुंबे परत आली. २०२० साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली.

यात एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या गावाने सरकारकडे पाठ फिरवली नाही. शासनाच्या योजनांचा त्याने पुरेपूर उपयोग केला. फरक एवढाच, की योजना आल्यावर तिचे काय करायचे हे गावाने आधी ठरवले होते. पाऊस तेवढाच राहिला. शेजारच्या डोंगरावर पडतो तेवढाच. पडलेल्या पाण्याचे काय करायचे याचे दायित्व मात्र गावाने घेतले.

मग आपण काय करावे? उपदेश पुष्कळ ऐकले जातात, म्हणून मी आचरणात आणण्याजोग्या चारच गोष्टी सांगतो.

पहिली, पहिला प्रश्न बदलावा. "कोणी केले?" ऐवजी "काय झाले, कसे झाले?" असे विचारावे. घरात मुलाला, दुकानात नोकराला, संस्थेत कार्यकर्त्याला. कोणी केले हे बहुधा आपोआप कळते. कसे झाले हे विचारल्याखेरीज कळत नाही.

दुसरी, आपला वाटा नेमका सांगावा, आणि तो सांगताना "पण" हा शब्द टाळावा. "माझे चुकले, पण तूही..." या वाक्यात क्षमायाचनेचा आरंभ आहे आणि आरोपाचा शेवट आहे, ऐकणाऱ्याच्या कानात शेवटच राहतो. संवत्सरीला किंवा क्षमावाणीला आपण शेकडो लोकांना एकच संदेश पाठवतो. भ्रमणध्वनीमुळे ते आणखी सोपे झाले आहे. ज्यांच्याशी काहीच बिघडलेले नाही त्यांची क्षमा मागायला धैर्य लागत नाही. ज्या एका घराशी बोलणे बंद आहे, त्या घराची पायरी चढून, "त्या वर्षी हिशेबाच्या वेळी मी तुम्हाला बोललो ते चुकीचे होते," एवढे एक वाक्य म्हणणे, हे त्या शेकडो संदेशांहून मोलाचे आहे.

तिसरी, कबुलीबरोबर भरपाई हवी. नुकसान पैशाचे असेल तर पैशाने, वेळेचे असेल तर वेळेने, आणि नावाचे असेल तर ज्या चारचौघांत बदनामी केली त्याच चारचौघांत सत्य सांगून. चूक एकांतात मान्य करायची आणि आरोप मात्र सभेत करायचा, हा न्याय नव्हे.

चौथी, चूक सांगणाऱ्याला अभय द्यावे. अमेरिकेत १९७६ पासून विमानवाहतुकीत अशी व्यवस्था आहे. वैमानिक, हवाई नियंत्रक किंवा तंत्रज्ञ आपल्या हातून घडलेली किंवा पाहिलेली चूक नासा या संस्थेकडे कळवू शकतात. नाव गुप्त राहते. आणि चूक अनवधानाने झालेली असून त्यात अपघात वा गुन्हा नसेल, तर दहा दिवसांच्या आत कळवणाऱ्याला सामान्यतः दंडातून सूट मिळते. अपघात घडल्यावर दोषी शोधण्यापेक्षा, अपघात होता होता राहिला तेव्हाच तो का होणार होता हे समजून घेणे अधिक हिताचे, हा त्यामागचा विचार. आपल्या लहान संस्थेतही हे करता येईल. हिशेबात झालेली चूक लेखनिकाने स्वतः येऊन सांगितली, तर आधी त्याचे आभार मानावेत आणि मग चूक दुरुस्त करावी. जाणूनबुजून केलेला अपहार ही वेगळी गोष्ट. त्याला अभय देणे हा दात्यांवर अन्याय ठरेल. भूल आणि लबाडी यांतील भेद ओळखणे, हेही विश्वस्तांचे दायित्वच आहे.

विश्वस्त हा शब्दच मोठा अर्थपूर्ण आहे. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेले जो सांभाळतो तो विश्वस्त. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार विश्वस्तांना हिशेब ठेवावे लागतात आणि ते तपासून घ्यावे लागतात. कायदा रुपयांचा हिशेब मागतो. ज्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळायला हवी होती पण अर्जाची तारीख त्याच्यापर्यंत पोहोचली नाही, जो रुग्ण विचारपूस करून परत गेला, जी विधवा भगिनी मदत मागायला संकोचली, त्यांचा हिशेब कोणताही कायदा मागत नाही. तो आपला आपणच मांडायचा असतो.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माझी विश्वस्त मंडळाला एक नम्र सूचना आहे. या वर्षीच्या वार्षिक अहवालात एक पान अधिक जोडावे. त्यावर झालेल्या कामांची यादी नसावी. या वर्षी करायचे ठरले होते आणि झाले नाही अशी कामे त्यावर असावीत. प्रत्येक कामापुढे, ते का राहिले याचे एक वाक्य असावे. त्या वाक्यात दुसऱ्या कोणाचे नाव नसावे. त्यापुढे ते पूर्ण करण्याची जबाबदारी घेणाऱ्या सदस्याचे नाव आणि तारीख असावी. हे पान लिहिणे सोपे नाही. पहिल्या वर्षी कदाचित दोनच ओळी होतील. परंतु तरुण सभासद ते पान वाचतील, आणि येथे चूक सांगता येते, येथे काम मागता येते, असा विश्वास त्यांना वाटेल. तरुण संस्थेकडे फिरकत नाहीत, अशी तक्रार आपण सर्वत्र ऐकतो. त्या तक्रारीतील आपला वाटा शोधण्याचा आरंभही तेथूनच होईल.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या संस्थेचा पाया घातला, त्यांच्याकडेही सबबी नसतील असे नाही. साधने अपुरी होती, माणसे थोडी होती. तरी त्यांनी आपल्या वाट्याचे काम उचलले, म्हणून आज आपण येथे बसलो आहोत. पुढची पन्नास वर्षे आपल्यावर सोपवलेली आहेत. ती कशी गेली याचा हिशेब मांडण्याचा दिवस येईल, तेव्हा आपल्यानंतरच्यांना आपल्याकडे बोट दाखवावे लागू नये, इतके काम आपल्या हातून व्हावे, अशी प्रार्थना करतो.



जय जिनेंद्र!